कोणत्या बाबतीत?

शिरूर आणि दौंड ही दोन नावं मनात शेजारी शेजारी ठेवा. ज्यांचं येणं-जाणं या भागात आहे त्यांच्या डोळ्यांपुढे लगेच एसटी स्टँड येईल, बाजारपेठ येईल, नदीवरचा पूल येईल. ज्यांनी ही गावं पाहिलेली नाहीत त्यांनी एवढंच धरावं की पुणे जिल्ह्याच्या पूर्व अंगाचे हे दोन तालुके आहेत, दोन्ही पर्जन्यछायेतले, आणि दोघांच्या मधून भीमा वाहते. वरच्या काठाला शिरूर, खालच्या काठाला दौंड. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालं की पूल ओलांडता ओलांडता तालुका बदलतो, तरी शेत तसंच दिसतं, ऊस तसाच दिसतो, माणसाचं बोलणंही बदलत नाही.

सारख्या दिसणाऱ्या अशा दोन गोष्टींतला फरक इंग्रजीत सांगायचा, एवढंच आजचं काम. त्यात एक पथ्य पाळायचं. इंग्रजी शब्द शोधायला धावायचं नाही. आधी दोन्ही गोष्टींकडे पोटभर बघायचं.

सुरुवात फरकापासून करू नका, साम्यापासून करा. ‘बोथ’ हा शब्द घ्या आणि त्याच्याबरोबर थोडा वेळ बसा. बोथ शिरूर अँड दौंड आर तालुका टाउन्स इन पुणे डिस्ट्रिक्ट. वाक्य साधं आहे, पण मनात सावकाश म्हणा. मग त्यात भर घाला. दोन्हीकडे पाऊस कमी. दोन्हीकडची शेती कालव्याच्या आवर्तनाकडे डोळे लावून बसते. दोन्ही गावं नदीकाठची, शिरूर घोड नदीच्या आणि दौंड भीमेच्या. दोन्ही तालुक्यांत एमआयडीसी आहे, तिकडे रांजणगावची, इकडे कुरकुंभची. पुण्याहून निघालेली माणसं दोन्हीकडे संध्याकाळी थकून उतरतात.

इथे थोडं थांबू. साम्याची एवढी जमीन तयार झाली, की फरकाला उभं राहायला जागा मिळते. ज्यांच्यात काहीच सारखं नाही त्यांच्यातला फरक सांगायची वेळ कुणावर येत नाही. फरक विचारला जातो तो जवळच्यांतला, एकाच घरातल्या दोन भावांतला, एकाच बांधाच्या दोन बाजूंच्या पिकांतला. म्हणून इंग्रजी शिकवताना जे शिक्षक पहिल्याच तासाला ‘डिफरन्सेस’ असा मथळा लिहून फळ्यावर दोन रकाने पाडतात, त्यांनी आधी एक तास ‘बोथ’ला द्यावा असं मला फार मनापासून वाटतं.

आता दुसरा शब्द, ‘व्हेअरॅज’. शिरूर ग्रू अराउंड अ कँटोन्मेंट अँड अ हायवे, व्हेअरॅज दौंड ग्रू अराउंड अ रेल्वे जंक्शन. या वाक्यात दोन गावांचा दोन शतकांचा इतिहास आहे. शिरूरला घोडनदी म्हणायची सवय अजून गेलेली नाही. तिथे इंग्रजांची छावणी होती, आणि 31 डिसेंबर 1817 च्या रात्री कोरेगावला लढलेली कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडे निघाली ती तिथूनच. पुढे छावणी गेली, रस्ता राहिला. आज पुणे–अहिल्यानगर रस्त्याची अखंड वर्दळ हाच शिरूरचा श्वास आहे. दौंडला मात्र रूळ आले. मुंबई–सोलापूर मार्गावरचं ते स्टेशन, आणि 1878 मध्ये मनमाडची लाईन येऊन मिळाल्यावर जंक्शन. रेल्वेच्या चाळी आल्या, बदलीवर येणारी परप्रांतातली कुटुंबं आली, रात्री-अपरात्री ड्युटीवर जाणारी माणसं आली. गावाचं घड्याळच वेगळं झालं.

‘व्हेअरॅज’ने काय केलं ते न्याहाळा. त्याने दोघांना एका ओळीत बसवलं आणि मध्ये एक स्वल्पविराम दिला. कोण मोठा, कोण लहान, हे विचारलंच नाही. मराठीत ‘शिरूर रस्त्यावर वाढलं, तर दौंड रेल्वेवर’ असं म्हणताना तो ‘तर’ जे काम करतो तेच इथे झालं. एकाच पाटावर दोघांना बसवणारा हा शब्द आहे.

‘दॅन’चा स्वभाव वेगळा. तो आला की मोजमाप आलं. टॉलर दॅन, ओल्डर दॅन, क्लोजर टु पुणे दॅन. त्यात वाईट काही नाही, मोजण्यासारखं असेल तिथे मोजलंच पाहिजे. पण दर वेळी ‘दॅन’च वापरायची सवय लागली की प्रत्येक जोडीत एक जिंकतो आणि एक हरतो. आपल्याकडे डावं-उजवं करणं हा शब्दप्रयोग आहेच, आणि चांगल्या घरात तसं करू नये असंही सांगतात. भाषा शिकताना ते विसरून कसं चालेल?

महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. म्हणजे दहावीला बसणाऱ्या मुलाच्या कानावर ही भाषा दहा वर्षं पडलेली असते. दहावीच्या इंग्रजीत ‘इन्फर्मेशन ट्रान्स्फर’ नावाचा प्रश्न असतो. कधी तक्ता देतात आणि त्यावरून परिच्छेद लिहायला सांगतात, कधी परिच्छेदावरून तक्ता. दोन वस्तूंची तुलना करणारा तक्ता हा त्यातला ठरलेला प्रकार. आता शिरूर तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवरचं मूल डोळ्यांपुढे आणा. त्याला ज्वारी आणि बाजरी यांतला फरक इंग्रजीत लिहायला सांगितला आहे. ते लिहितं, ज्वारी इज गुड फॉर हेल्थ, बाजरा इज ऑल्सो गुड फॉर हेल्थ. आणि पेन ठेवतं.

या दोन वाक्यांपाशी मला नेहमी गलबलून येतं. कारण त्या मुलाला काय काय माहीत आहे ते पाहा. बाजरी पावसाळ्यात पेरतात, शाळू ज्वारी रब्बीला, हे त्याला माहीत आहे. बाजरीचं कणीस हातात कसं खरखरतं आणि ज्वारीचं कसं गच्च भरतं, हे माहीत आहे. आई बाजरीचं पीठ गरम पाण्यात मळते, तळहाताने रेटून रेटून मळते, तरी भाकरी थापताना कडा चिरतात, हे त्याने रोज चुलीपाशी बसून पाहिलं आहे. बाजरीचं दळण थोडं थोडंच आणायचं, कारण ते लवकर कडू पडतं, आणि ज्वारीचं पीठ त्या मानाने टिकतं, हेही ठाऊक आहे, कारण गिरणीत डबा घेऊन जाणारं तेच. बाजरीत स्निग्धांश जास्त म्हणून पीठ खवट होतं, हे कारण त्याला कुणी सांगितलेलं नसेल, पण परिणाम जिभेवर आहे. एवढं सगळं आत असताना कागदावर ‘गुड’ आणि ‘ऑल्सो गुड’ एवढंच उतरलं. ज्ञान कमी नव्हतं. वाट अरुंद होती.

मग वाट रुंद कशी करायची? बाजरीचं पीठ मळायची परात मनात आणा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: कोणत्या बाबतीत? पेरणीच्या बाबतीत, मळण्याच्या बाबतीत, टिकण्याच्या बाबतीत. एक बाबत निवडा, बाकीच्या बाजूला ठेवा. बाजरा फ्लार टर्न्स बिटर सूनर दॅन ज्वारी फ्लार. इथे ‘दॅन’ अगदी योग्य जागी आला, कारण दिवस मोजता येतात. दुसरी बाबत घ्या. बाजरा इज सोन विथ द फर्स्ट रेन्स, व्हेअरॅज अवर ज्वारी इज अ विंटर क्रॉप. इथे मोजायचं काही नाही म्हणून ‘व्हेअरॅज’. तिसरी घ्या. ज्वारी डो इज नॉट अ‍ॅज हार्ड टु नीड अ‍ॅज बाजरा डो. ‘नॉट अ‍ॅज, अ‍ॅज’ हा प्रयोग मला आवडतो. त्यात फरक सांगितला जातो आणि कुणाला टोचतही नाही. ज्वारीचं पीठ मळायला सोपं, असं ठासून म्हणायच्या ऐवजी ‘तेवढं अवघड नाही’ असं म्हणणारी माणसं आपल्या घरांत असतातच, बहुधा आज्या.

बाबत सापडली की शब्दप्रयोग आपोआप ठरतो. बाबत न ठरवता शब्दप्रयोग पाठ केले, तर ते परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरते टिकतात.

आता उसाच्या फडाच्या कडेला उभे राहा. खरोखर जाता आलं तर उत्तमच, नाहीतर मनाने जा. समोर दोन सऱ्यांत दोन वाण आहेत, एक को 86032 आणि दुसरा फुले 265. दोन्ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने इथल्या शेतकऱ्यांना दिलेले. रस्त्यावरून जाणाऱ्याला दोन्ही नुसता हिरवा ऊस. एकाच्या पानाची ठेवण, दुसऱ्याच्या कांडीची जाडी, हे ज्याचं त्यालाच दिसतं. बाहेरून आलेल्या एखाद्याला यांतला फरक इंग्रजीत सांगायचा आहे, असं समजा. तो कृषी अधिकारी असेल, इथेनॉलचा हिशोब मांडणारा असेल, किंवा परदेशातून गावी आलेली आपलीच पुतणी असेल.

बोथ आर शुगरकेन, इथून सुरू करा. मग बाबत. वजनाच्या बाबतीत 265 ला शेतकरी मानतो, चोपण जमिनीतही तो तग धरतो. साखर उताऱ्याच्या बाबतीत कारखाने 86032 ला झुकतं माप देत आले आहेत. टू-सिक्स-फाइव्ह गिव्ह्ज द फार्मर वेट, व्हेअरॅज एट-सिक्स-झिरो-थ्री-टू गिव्ह्ज द फॅक्टरी शुगर. हे वाक्य एकदा मोठ्याने म्हणून बघा. यात उसाच्या दोन वाणांतला फरक आहेच, शिवाय शेतकरी आणि कारखाना यांच्या हितांत कुठे अंतर पडतं तेही येऊन बसलं आहे. शेतकऱ्याला पैसे टनावर मिळतात, कारखान्याला साखर पोत्यात मोजायची असते. फरक नेमका सांगितला की कधी कधी असं होतं. सांगायला गेलो उसाचं आणि सांगून झालं गावाचं.

या फडापाशी अजून थोडं रेंगाळू, कारण इथे इंग्रजीची एक अडचण आहे. आपण आडसाली म्हणतो, पूर्वहंगामी म्हणतो, सुरू म्हणतो, खोडवा म्हणतो. चारही ऊसच. जुलै-ऑगस्टमध्ये लावला आणि सोळा-अठरा महिने उभा राहिला तो आडसाली. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पूर्वहंगामी. थंडीच्या अखेरीला लावून वर्षाच्या आत-बाहेर तोडला तो सुरू. तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटून आला तो खोडवा. खोडव्याला इंग्रजीत शब्द आहे, बाकीच्या तिघांना नाही. तिथे पूर्ण वाक्यखंड रचावा लागतो: केन प्लँटेड इन द रेन्स, द काइंड दॅट स्टँड्स फॉर अ यीअर अँड अ हाफ. अनेकांना वाटतं की एका शब्दाला दहा शब्द लागले म्हणजे आपलं इंग्रजी कमी पडलं. तसं नाही. दहा शब्द लागले कारण ती वस्तू त्या भाषेच्या शिवारात उगवलेली नाही.

मोल्सवर्थने हेच केलं होतं. त्याचा मराठी–इंग्रजी कोश 1831 साली निघाला, वाढवलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. मराठी शास्त्र्यांना बरोबर घेऊन, कँडी बंधूंच्या मदतीने त्याने शब्द गोळा केले. जिथे इंग्रजीत नेमका शब्द नाही तिथे तो हटला नाही, चार चार ओळी लिहीत गेला, हा शब्द कशासाठी वापरतात, त्या दुसऱ्या शब्दाहून कसा वेगळा. तो कोश आजही पुरा वाटतो तो त्या लांब ओळींमुळे. शिरूरच्या मुलीने ‘आडसाली’साठी इंग्रजीत दहा शब्द वापरले तर ती मोल्सवर्थच्याच रस्त्याने चालली आहे, हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

ऊस सोडून आता गुळाकडे वळू. दौंड तालुक्यात केडगाव, यवत, खुटबावच्या बाजूला गुऱ्हाळं आहेत. लांबूनच गोड धूर जाणवतो. चुलवाणात चिपाडं जळत असतात, काहिलीत रस उकळत असतो, वर आलेली मळी झाऱ्याने काढत गुळव्या उभा असतो. त्याचं सगळं लक्ष पाकावर. घड्याळ नाही, थर्मामीटर नाही, बोटावर तार बघतो आणि सांगतो, उतरवा. मग वाफ्यात ओतणं, घोटणं आणि ढेप.

दोन ढेपा समोर ठेवल्या आहेत असं समजा. एक फिकट पिवळी, जवळजवळ सोनेरी. दुसरी गडद तपकिरी. गिऱ्हाईक आलं आणि त्याने इंग्रजीत विचारलं, व्हिच वन इज बेटर?

उत्तर द्यायची घाई करू नका. ‘बेटर’ हा शब्द मनात धरून ठेवा आणि त्याच्या आत काय आहे ते बघा. आत काहीही नाही. बाबतच नाही. रंगाने बेटर, की चवीने, की टिकण्याने, की औषधाला? इंग्रजी शिकणाऱ्याला सगळ्यात आधी हाताशी येणारा शब्द हाच, आणि फरक गिळून टाकणाराही हाच. ‘चांगला’ हा मराठी शब्दही तेच करतो, पण मराठीत आपण पुढे बोलत राहतो, हातवारे करतो, ‘म्हणजे कसं’ म्हणून सांगत जातो. परक्या भाषेत ‘बेटर’ म्हणून आपण सुटका करून घेतो.

गुळाचा पिवळेपणा बऱ्याचदा रस निवळताना घातलेल्या पावडरीतून आलेला असतो. गडद ढेप नुसत्या रानभेंडीच्या चिकाने रस निवळून केलेली असू शकते. बाजारात वर्षानुवर्षं फिकट ढेपेला उचल जास्त मिळत आली, आता काही गिऱ्हाइकं मुद्दाम गडद मागतात. तेव्हा उत्तर असं द्यावं लागेल: दिस वन इज लायटर इन कलर, द अदर इज मेड विदाउट केमिकल्स. इथे तुलनेचा एकही जादुई शब्द नाही, ‘लायटर’ तेवढा आहे आणि तोही रंगाच्या बाबतीत बांधून टाकलेला. बाकीचं गिऱ्हाइकावर सोडलं. विकणाऱ्याची सचोटी आणि भाषेची नेमकेपणाची ओढ इथे एकाच वाक्यात राहतात, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ‘बेटर’ म्हणून विकणं सोपं आहे. काय वेगळं आहे ते सांगून विकणं ही वेगळीच शिकवण आहे.

याच केडगावात आणखी एका व्यक्तीपाशी थांबावंसं वाटतं. पंडिता रमाबाई. त्यांचं मुक्ती मिशन इथलं, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी देह ठेवला तोही इथेच. इंग्रजी त्यांच्या घरातली भाषा नव्हती. संस्कृत आणि मराठीत वाढलेल्या या बाईंनी 1883 मध्ये इंग्लंड गाठलं, 1886 मध्ये अमेरिका, आणि 1887 साली फिलाडेल्फियात त्यांचं ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ हे इंग्रजी पुस्तक निघालं. अमेरिकन वाचकाला आपल्या बायकांचं जगणं समजावून द्यायचं होतं. त्या वाचकाला विधवा म्हणजे काय हे माहीत होतं, त्याच्याही गावात विधवा होत्या. शब्द सारखा, आयुष्य वेगळं. तो फरक रमाबाईंनी परक्या भाषेत उभा केला.

मग त्या परत आल्या आणि 1889 मध्ये मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’. आता दिशा उलटी, मराठी वाचकाला ते लोक कसे आहेत ते सांगायचं. तिथल्या स्त्रियांच्या शिक्षणाचं, त्यांच्या संस्थांचं त्यांना मनापासून कौतुक होतं. पण कौतुकाच्या भरात त्यांनी तो देश सगळ्याच बाबतीत वरचा ठरवला नाही. तिथल्या मूळ रहिवाशांना आणि काळ्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीवर त्यांनी बोट ठेवलं. या बाबतीत हे, त्या बाबतीत ते. दोन समाज शेजारी ठेवताना बाबत सुटू न देणं किती अवघड आहे, आणि एका बाईने ते दोन भाषांत, दोन दिशांनी केलं. दौंडच्या मुलांना आपल्याच तालुक्यात हा धडा आहे हे किती जणांनी सांगितलं असेल?

पुन्हा भीमा ओलांडून शिरूरकडे येऊ. इथल्या उसात बिबट्या आहे. पिल्लं उसात वाढतात, तोडणीच्या वेळी सापडतात, म्हणून माणसं संध्याकाळी वस्तीवर मुलांना एकटं सोडत नाहीत. पाहुण्याला इंग्रजीत सांगताना एखादा पटकन ‘चीता’ म्हणून जातो. इथे ‘अनलाइक’ उपयोगी पडतो. अनलाइक अ चीता, अ लेपर्ड हॅज नो ब्लॅक लाइन्स रनिंग डाउन फ्रॉम इट्स आइज. चित्त्याच्या डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरते, बिबट्याला ती नसते. चित्त्याचे ठिपके भरीव, बिबट्याच्या अंगावर ठिपक्यांची कडी. ‘अनलाइक’ची खुबी अशी, की बोलायचं एकाविषयीच असतं, दुसरा फक्त ओळख पटवायला येतो आणि निघून जातो. आपल्याला चित्त्याविषयी काही सांगायचं नाही, तो भारतातून नाहीसा झाल्याचं 1952 मध्येच जाहीर झालं, 2022 मध्ये आणले ते कुनोला. आपल्या उसात जो बसला आहे त्याच्याविषयी बोलायचं आहे.

आणि काही जोड्या अशा असतात, की त्यांची तुलना करायचीच नसते. फक्त हा की तो, एवढं ओळखू आलं म्हणजे झालं. याच तालुक्यात दोन रांजणगावं आहेत. एक रांजणगाव गणपती, अष्टविनायकांतलं, अहिल्यानगर रस्त्यावरचं. दुसरं रांजणगाव सांडस, जिथे मुळा-मुठेचं पाणी भीमेला मिळतं. वढू बुद्रुक आणि वढू खुर्द. तळेगाव ढमढेरे इथलं, तळेगाव दाभाडे मावळातलं. आपल्या पूर्वजांनी एकसारख्या नावांना शेपूट जोडून प्रश्न मिटवला. शिरूरचंच बघा, बीडमध्ये शिरूर कासार आहे, लातुरात शिरूर अनंतपाळ. पाहुण्याला इंग्रजीत सांगताना हीच युक्ती करायची. द रांजणगाव विथ द टेंपल. द वन ऑन द भीमा. ‘द वन विथ’, ‘द वन ऑन’, ‘द वन निअर’. हे प्रयोग तुलनेच्या धड्यात छापलेले नसतात, पण रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त हेच लागतात. एक खूण सांगायची, बाकी काही सांगायचं नाही. किती बाबी मनात असतात, नदी, देऊळ, कारखाने, बाजाराचा वार. त्यातली एकच उचलायची, आणि ऐकणाऱ्याला जी दिसू शकेल तीच. गावच्या माणसाला ‘बुद्रुक’ पुरतं. परक्याला डोळ्याने दिसेल असं काहीतरी द्यावं लागतं.

आता तुमच्या हाताशी पाच-सहा शब्दप्रयोग आहेत, आणि त्या सगळ्यांच्या आधी येणारा तो प्रश्न आहे. दौंडला जाऊ. तिथे आता दोन स्टेशनं आहेत. जुनं दौंड जंक्शन, आणि दौंड कॉर्ड लाईन. पूर्वी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांना जंक्शनात येऊन इंजिन दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, त्यात वेळ जायचा. कॉर्ड लाईन टाकल्यावर अनेक गाड्या बाहेरूनच वळतात आणि त्या लहान स्टेशनवर थांबतात. तिकिटावर एकाचं डीडी, दुसऱ्याचं डीडीसीसी. नावात दौंड दोन्हीकडे.

जंक्शनच्या फलाटावर बॅगा घेऊन एक कुटुंब उभं आहे. दक्षिणेकडचं असावं, मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम. हातात तिकीट, गाडी मनमाडकडची. शेजारी बाकावर कॉलेजात जाणारा मुलगा बसला आहे. तिकीट बघताच त्याला कळतं. इथे ‘बोथ’ने सुरुवात करायला वेळ नाही, ‘व्हेअरॅज’ची गरज नाही, कोणतं स्टेशन मोठं हेही कुणी विचारलेलं नाही. एकच बाबत आहे: गाडी कुठे थांबते. तो उठतो आणि म्हणतो, सर, युअर ट्रेन डझन्ट कम हिअर. इट स्टॉप्स अ‍ॅट दौंड कॉर्ड लाईन, द अदर स्टेशन, द स्मॉलर वन. टेक अ रिक्षा, यू स्टिल हॅव टाइम. आणि त्यांची एक बॅग उचलून बाहेरच्या रिक्षा स्टँडकडे चालू लागतो.